मागच्या अंगणातला बॉयलर

मिस्त्री पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी फक्कीने आखून ठेवलेल्या रेघेवरून त्याने एक फेरी मारली, लिंबाच्या झाडापाशी थांबला आणि म्हणाला, "साहेब, नाली बांधून राहिले का? पण ही तं जिथून निघते तिथंच येऊन राहिली. पाणी जाईन कुठं?"

"नाली नाही भाऊ, रेल्वे आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या बायकोकडे पाहिलं. तिने हात झटकले. "मला काही विचारू नका. रिटायर झाल्यापासून हे असंच चालू आहे."

मिस्त्रीच्या त्या प्रश्नाकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

माझी सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, पाण्याच्या विभागात गेली. बॉयलरला जाणारं पाणी क्षारमुक्त करायचं, दर पाळीला नमुने तपासायचे, वहीत आकडे भरायचे. शेवटची काही वर्षं ६६० मेगावॅटच्या संचांवर होतो. तिथला दाब इतका असतो की पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही. २२१ बारच्या वर पाणी उकळत नाही, ते नुसतं वाफ होऊन जातं. असल्या धुडांचं पाणी सांभाळलेल्या माणसाला फुलपात्रभर पाण्याचा, चाळीस पौंड दाबाचा बॉयलर काय त्रास देणार, असं मला वाटलं होतं.

गाडीचं वेड जुनं. माझे मामा भिवापूरला राहायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत इतवारी स्टेशनवरून नागभीडची छोटी लाइन धरायची, उमरेड मागे टाकायचं, भिवापूरला मिरचीच्या वासात उतरायचं. सत्तरच्या दशकात कोळशाचं इंजिन होतं. खिडकीतून डोकं काढू नको, असं आई सांगायची आणि मी काढायचो, मग डोळ्यात कोळशाचा कण जायचा आणि मामी पदराच्या टोकाने तो काढायची. छिंदवाड्याची छोटी लाइन २०१५ साली बंद झाली, नागभीडची २०१९ च्या नोव्हेंबरात. दोन्ही मोठ्या लाइनीसाठी. बरंच झालं म्हणायचं, मोठ्या लाइनीशिवाय त्या भागाचं भलं नव्हतं. पण मी कडबी चौकातल्या नॅरोगेज संग्रहालयात जाऊन खिशातल्या टेपने रुळांमधलं अंतर मोजून आलो. ७६२ मिलिमीटर. अडीच फूट. पहारेकऱ्याने विचारलं, "काका, काय हरवलं का?"

इंजिन आणलं भाच्याने. तो इंग्लंडात, मँचेस्टरजवळ नोकरीला. मी त्याला सांगितलं की शकुंतलेचं, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ लाइनीचं इंजिन १९२१ साली तुझ्याच गावात तयार झालं होतं आणि १९९४ पर्यंत आपल्या वऱ्हाडात धावत होतं, तर तुला एक छोटंसं आणायला काय हरकत आहे? त्याने जुनं, वापरलेलं एक शोधून काढलं. चार चाकांचं, हिरवं, तीन किलोच्या आतबाहेर. तांब्याचा बॉयलर चांदीच्या झाळाने सांधलेला, दोन बाजूंना दोन सिलिंडर, मागे चालकाच्या खोलीत आगपेटीएवढी गॅसची टाकी. हे बॅटरीवरचं खेळणं नव्हे. पाणी उकळतं, वाफ सिलिंडरात जाते, दट्ट्या ढकलते, चाक फिरतं. मोठ्या इंजिनात जे होतं तेच सगळं, फक्त कोळशाऐवजी ब्युटेन. विमानात गॅस चालत नाही म्हणून टाकी रिकामी करून, झाकण उघडं ठेवून त्याने ते कपड्यांत गुंडाळून आणलं. सोबत चाळीस पानांची पुस्तिका.

ही पुस्तिका थंड आणि ओल्या देशात लिहिलेली. तिच्या प्रत्येक पानाने मला एकदा तरी फसवलं. तिची चूक नव्हती. चूक माझी, की मी ती नागपुरात बसून जशीच्या तशी वाचली.

रुळांतलं अंतर ४५ मिलिमीटर. मीटरगेजची नक्कल करायची तर हे साधारण बाविसाव्या हिश्शाचं प्रमाण होतं आणि या आकाराच्या बागेतल्या गाड्या बऱ्याचशा त्याच प्रमाणाच्या असतात. पण मला हवी होती आपली अडीच फुटी. ७६२ भागिले ४५, म्हणजे सतरावा हिस्सा. या प्रमाणात बाजारात फारसं काही तयार मिळत नाही. मला त्याचं दुःख नव्हतं, डबे मी स्वतःच करणार होतो. इतवारीत डब्यांना जो मळकट लाल रंग असायचा तो मात्र अजून मला जमलेला नाही.

रूळ परदेशातून मागवायचे तर इंजिनापेक्षा महाग पडत होते. वाफेच्या गाडीची एक सोय अशी की रुळांतून वीज जायची नसते, त्यामुळे कुठलाही धातू चालतो. मी स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्याकडे गेलो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तीन मिलिमीटर जाड पट्ट्या मागितल्या, बारा फुटी.

"किती बाय कितीची खिडकी आहे?" त्याने विचारलं.

मी सांगितलं.

"गाडी चालते त्याच्यावर?" तो हसला नाही. उलट उठून आला आणि पट्टीची धार बोटाने पाहून म्हणाला, "ही कड घासून घ्या मग. चाक चढून जाईन इच्यावर." बरोबर होतं त्याचं. चाकाची कानी जिथे रुळाला लागते तिथे कड गोल नसेल तर चाक वर चढतं. महिनाभर संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मी कानस चालवत होतो. टीव्हीचा आवाज वाढवत वाढवत बायकोने शेवटी मला ओसरीवर काढलं.

स्लीपर आधी पॅकिंगच्या खोक्यांच्या लाकडाचे केले. फुकट मिळाले होते. ते वाळवीने सहा आठवड्यांत खाल्ले, वरून रंग शाबूत आणि आतून भुगा. मग सुताराकडून सागवानाचे तुकडे आणले. आलापल्लीच्या सागवानाचे स्लीपर असलेली रेल्वे आहे माझी, असं मी आता लोकांना सांगतो. सहाशेच्या वर तुकडे, प्रत्येकाला दोन खाचा, खाचांमधलं अंतर पितळेच्या मापाने तपासलेलं.

दोन्हीकडे वीस-वीस फूट सरळ, टोकांना पाच फूट त्रिज्येची वळणं. एकूण सत्तर-एकाहत्तर फूट. फार काही नाही. पण आमचा प्लॉट तीन हजार फुटांचा, त्यात लिंबू, पेरू, सीताफळ आणि कपडे वाळत घालायच्या तारा आधीपासून हक्क सांगून बसलेल्या.

डिसेंबरात काम झालं. दीड फूट रुंद चर खणला, त्यात मुरूम भरला, पाणी मारून धुम्मस केली, वर चुरी, त्यावर बारीक गिट्टी, त्यात रूळ. लेव्हल काढायला मिस्त्रीने पाण्याची पारदर्शक नळी लावली. अंगणाच्या दोन टोकांना आम्ही दोघं नळी धरून उभे. "तुमच्याकडे किती?" "दोन सूत वर." "थांबा, बुडबुडा आला." लेव्हलचा मी हट्ट धरला कारण या इंजिनाला चालवणारा कोणी आत बसलेला नसतो. वाफेची चावी एकदा जेवढी उघडली तेवढी उघडी. चढ आला की धाप लागते, उतार आला की सुसाट सुटतं. पन्नास फुटांत एक फुटाचा चढ मोठ्या गाडीला अवघड, याला तर तो घाटच.

पहिली वाफ काढण्याआधी मी बॉयलरची चाचणी घेतली. आपल्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येत २५ लिटरच्या आतलं भांडं येत नाही, त्यामुळे कोणाचा दाखला लागत नव्हता. पण सवय. प्लंबर नळाची लाइन तपासायला जो हातपंप वापरतात तो भाड्याने आणला, बॉयलर काठोकाठ थंड पाण्याने भरला आणि दीडपट, म्हणजे साठ पौंडांपर्यंत दाब चढवून अर्धा तास काट्याकडे बघत बसलो. चाचणी पाण्यानेच घ्यायची, हवेने कधीच नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा फुटलाच तर नुसतं थेंबथेंब गळतं. हवा दाबलेली असते, ती बॉम्बसारखी सुटते. काटा हलला नाही.

पाण्याच्या बाबतीत मला वाटलं, हा तर आपला विषय. आमच्या बोअरचं पाणी किती जड आहे ते मे अखेरीस कूलरच्या ताट्यांवर दिसतं, पांढरी पुटं नखाने खरवडावी लागतात. तेच बॉयलरच्या नळीवर बसलं तर काम खलास. मग बॅटरीत घालायचं पाणी आणायचं? ते बहुतेक वेळा क्षारमुक्त केलेलं असतं आणि असलं पाणी भुकेलं असतं. त्यातून सगळं काढून घेतलेलं असतं म्हणून ते समोर येईल त्यातून ओढायला बघतं. आम्ही प्लँटमध्ये त्यात मोजून अमोनिया सोडायचो तो यासाठीच. या इंजिनाच्या पितळी जोडांतलं जस्त ते हळूहळू चाटून नेईल आणि पितळ सच्छिद्र होईल. उपाय आकाशातूनच आला. पावसाळ्यात पहिले तीन-चार पाऊस गच्ची धुऊन जाऊ दिले की त्यानंतरचं पाणी बादलीत धरायचं, दोन पदरी सुती कापडातून गाळायचं आणि काचेच्या बरण्यांत भरून ठेवायचं. आमच्या फडताळात लोणच्याच्या बरण्यांशेजारी 'इंजिन' अशी चिठ्ठी लावलेल्या चार बरण्या आहेत. त्या पहिल्या डिसेंबरात मात्र दुकानातून डिस्टिल्ड पाणी विकत आणावं लागलं.

आता तेल. यात मला आजही गंमत वाटते. सिलिंडरात जाणाऱ्या वाफेत तेल मिसळावं लागतं, नाहीतर दट्ट्या कोरडा घासतो. पण त्यासाठी पंप नाही, वात नाही, काहीच नाही. वाफेच्या नळीला चिकटलेली एक बोटभर डबी, तिला एक बारीक भोक. डबी तेलाने भरायची. वाफ भोकातून आत शिरते, थंडावते, पाणी होते. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वर सरकून भोकातून वाफेत जातं. थेंबाला थेंब. गाडी थांबल्यावर डबी उघडली की आत करड्या रंगाचं पाणी मिळतं, तेल सगळं गेलेलं. ज्याला हे सुचलं त्याच्या पायाला हात लावावा. तेल मात्र खास वाफेचं लागतं, ४६० ग्रेडचं, काकवीसारखं घट्ट. राइस मिलवाल्यांना तेल विकणाऱ्या दुकानात मी अर्धा लिटर मागितलं, तर दुकानदार म्हणाला, "वीस लिटरचा डबा आहे." शेवटी त्याने उघड्या डब्यातून बाटलीत ओतून दिलं. ते माझ्या हयातीत संपणार नाही.

जानेवारीतला पहिला रविवार. घरचे सगळे बाजेवर आणि खुर्च्यांवर मांडून बसलेले. आधी तेल, मग पाणी, शेवटी गॅस. गॅस नेहमी शेवटी आणि पाण्याच्या हिशेबाने कमी, म्हणजे तो आधी संपतो आणि बॉयलर कधी कोरडा पडत नाही. काडी धुराड्याच्या तोंडाशी धरली. "फुप्प" असा आवाज आला, ज्योत आत उडी मारून बर्नरवर बसली आणि घशातल्या घशात गुणगुणू लागली. निदान मला तसं वाटलं. प्रत्यक्षात ती पुढच्या धूरपेटीतच अडकली होती. दहाचं लख्ख ऊन, त्यात ब्युटेनची निळी ज्योत दिसते कुठे? रंग जळाल्याचा वास आला तेव्हा कळलं. धूरपेटीवरचा काळा रंग पापडासारखा फुगून आला होता. गॅसची चावी जास्त उघडली होती, एवढंच कारण. तेव्हापासून मी ज्योत डोळ्यांनी बघत नाही, कानाने ऐकतो. बर्नरवर बसलेली ज्योत मऊ गुरगुरते. धूरपेटीत अडकलेली फरफरते. आता बायको आतून ओरडते, "तुमची फरफर चालू आहे!" आणि मी चावी बंद करतो.

दुसऱ्या प्रयत्नात सहा मिनिटांत काटा चाळीसवर गेला. मी वाफेची चावी उघडली. काही नाही. अजून उघडली. मग इंजिनाने एकदम शिंकल्यासारखं केलं आणि धुराड्यातून गरम, तेलकट, काळं पाणी फवाऱ्यासारखं उडालं, थेट बाजेवरच्या धोतरावर, जिथे सासूबाईंनी सकाळी मुंगवड्या घातल्या होत्या.

थंड सिलिंडरात पहिली वाफ गेली की तिचं पाणी होतं आणि पाणी दबत नसल्याने दट्ट्या अडतो. ते काढायला इंजिन हाताने पुढेमागे ढकलायचं असतं, हळूहळू, धुराड्यावर फडकं धरून. पुस्तिकेत ते होतं, पान अकरा. फडक्याचा उल्लेख नव्हता. तिथे अंगणात कोणी मुंगवड्या घालत नसावं.

दीडशे-दोनशे वड्या गेल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुपारी जेवताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं की गाडी फिरली का. फिरली होती. बावीस मिनिटं, एका भरणीत. मी तिच्यामागे वाकून वाकून चालत होतो आणि दुसऱ्या दिवशी कंबर सरळ होईना.

फेब्रुवारी, मार्च चांगले गेले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी चारला, पाणी घालायला मागे गेलो तर पेरूकडचा सरळ रूळ सरळ नव्हता. साप रस्ता ओलांडताना जसा दिसतो तसा तो गिट्टीवर पडला होता, चार स्लीपर उपटून बाहेर. कोणी पाय दिला असेल म्हणून मी आधी कामवाल्या बाईवर संशय घेतला आणि मग कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर मला माझीच लाज वाटली. मी रूळ घातले डिसेंबरच्या सकाळी, बारा अंशांना, टोकाला टोक घट्ट भिडवून. एप्रिलच्या उन्हात धातू पासष्ट अंशांपर्यंत सहज जातो. अ‍ॅल्युमिनियम मीटरमागे, अंशामागे २३ मायक्रॉन वाढतं. बारा फुटी पट्टी साडेचार मिलिमीटर लांब व्हायला बघते. सगळा फेरा धरला तर पावणेतीन सेंटिमीटर. जायला जागा नाही, मग ती आडवी जाते. मोठ्या रेल्वेलाही उन्हाळ्यात हाच धोका असतो, म्हणून तर गँगमन दुपारच्या उन्हात रूळ बघत फिरतात. पुस्तिकेत सांध्यात 'एक पोस्टकार्डाची जाडी' सोडा असं होतं. त्यांच्याकडे पुरत असेल. ज्या गावाने २०१३ च्या मेमध्ये ४७.९ अंश पाहिले तिथे पोस्टकार्ड काय पुरणार! मी प्रत्येक सांध्यात पाच मिलिमीटर ठेवले आणि जोडपट्टीची भोकं लांबट केली. आता हिवाळ्यात गाडी सांध्यांवरून जाताना खट्-खट् वाजते, मे महिन्यात गप्प जाते.

उन्हाळ्याने आणखी एक धडा दिला. कॅनमधून इंजिनाच्या टाकीत गॅस जातो तो दाबाच्या फरकाने. कॅन टाकीपेक्षा गरम असला पाहिजे. पुस्तिका म्हणते, कॅन कोटाच्या खिशात ठेवून ऊब द्या. मी म्हटलं, आपल्याकडे सगळं उलटं, आपण कॅन थंड करू, आणि तो कूलरसमोर ठेवला. टीनाच्या शेडमध्ये तापलेल्या टाकीत गॅसचा थेंब जाईना. उलटं करायचं होतं ते दुसरंच होतं. कॅन सावलीत जसा आहे तसा ठेवायचा आणि टाकीवर ओला दुपट्टा टाकायचा, तोंडाला बांधतो तोच. शिवाय भरायचं तेही थोडं कमी. ब्युटेनचा दाब दहा अंशांना हवेच्या दाबाच्या जेमतेम दीडपट असतो, ४५ अंशांना चौपटीच्या वर. डिसेंबरात विनवण्या करून पेटणारी ज्योत मेमध्ये गर्जना करते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा फुसफुसत राहतो.

आणि इतकी खटपट करून मे महिन्यात गाडी चालवली तर काय? नात सुट्टीला आली होती, आठ वर्षांची. तिला वाफेची गाडी बघायची होती. गाडी धावत होती, छक्-छक् आवाज होता, सगळं होतं.

"आबा, पण वाफ कुठे आहे?"

खरंच नव्हती. डोळ्यांना दिसतो तो वाफेचा पांढरा लोट म्हणजे थंडावलेल्या वाफेचे बारीक थेंब. आमच्या मेच्या कोरड्या हवेत ते थेंब तयार होण्याआधीच हवा पिऊन टाकते. धुराड्याच्या वर बोटभर काहीतरी थरथरत होतं, डांबरी रस्त्यावर दिसतं तसं. मी तिला हे समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आत जाऊन आमरस खाल्ला.

जुलैत मिस्त्रीची नाली खरी झाली. आमच्याकडे साडेतीन फूट काळी माती, खाली पिवळा मुरूम. काळी माती पाणी धरून ठेवते, सोडत नाही. तिच्यात मी मुरमाचा चर केला, म्हणजे हौद केला. गच्चीवरचं, अंगणातलं सगळं पाणी त्यात येऊन बसलं. सत्तर फुटांचा गोल कालवा, त्यात सागवानी स्लीपर आणि बेडूक. आणि माती फुगली. उन्हाळ्यात तिच्यात पंजा जाईल अशा भेगा होत्या, आता ती कणकेसारखी वर आली, लिंबापाशी सव्वा इंच, पेरूपाशी त्याहून कमी, आणि तारांच्या खांबापाशी काहीच नाही. नळीने जमवलेली लेव्हल गेली.

तान्ह्या पोळ्याला ते सगळं कळलं. दिवसभर पोरं लाकडी नंदी घेऊन बोजारा मागायला येत होती. गल्लीत बातमी होतीच, त्यामुळे पोरं पैसे घेऊन जाईनात, "काका, गाडी" म्हणून मागे अंगणात. पंधरा-वीस पोरं, पंधरा-वीस नंदी. हवा ओलसर होती, धुराड्यातून थोडी तरी वाफ दिसत होती, मी खूश. एका पोराने आपला नंदी, रंगवलेला, झूल घातलेला, पाठीमागच्या सपाट डब्यावर ठेवला. मग दुसऱ्याने ठेवला. तिसऱ्या नंदीला इंजिन जागेवर फिरायला लागलं. धुराड्यातून उडालेलं तेल रुळांवर बसलेलं, त्यावर चाकं घसरत होती. मी चुरी टाकली चिमूटभर, मोठ्या इंजिनात वाळू टाकतात तशी. पकड मिळाली, लिंबाचा चढ ते धापा टाकत चढलं, आणि पलीकडचा उतार लागला. तीन नंदींसह ते असं सुटलं की वळणावर रूळ सोडून अद्रकाच्या वाफ्यात आडवं झालं. वाफ, गॅस, चिखल, पोरांचा कल्ला. मी हातमोजा न घालता उचललं, त्याची खूण अजून अंगठ्याजवळ आहे. नंदी सगळे सलामत. एकाचं शिंग निघालं होतं, पण त्या पोराने सांगितलं की ते आधीपासूनच ढिलं होतं. मला वाटतं, मला वाईट वाटू नये म्हणून तो खोटं बोलला.

मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. त्याने नालीकडे पाहिलं. काही बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा.

या वेळी आधी बांधकामातल्या एका जुन्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, काळ्या मातीशी भांडायचं नाही, तिच्यातून खाली निघून जायचं. रूडकीच्या केंद्रीय संस्थेने काळ्या मातीतल्या घरांसाठी खांब काढले आहेत, ते मुरमापर्यंत जातात आणि खाली कांद्यासारखे फुगवलेले असतात. माती फुगली तरी खांबाला वर उचलू शकत नाही. माझ्या तीन किलोच्या इंजिनाला कांद्याची गरज नव्हती. हाताच्या गिरमिटाने चार इंची भोकं मुरमापर्यंत पाडली, त्यात प्लास्टिकचे पाइप उभे करून काँक्रीट भरलं. पाइपाची बाहेरची बाजू गुळगुळीत, माती वर सरकली तर घासून जाते, धरत नाही. बावीस खांब, जमिनीपासून दोन फूट वर. त्यावर लोखंडी चौकोनी पाइप, वर सिमेंटची फळी आणि रूळ. जमिनीला कुठेही स्पर्श नाही. माझी कंबरही वाचली. खालच्या मोकळ्या जागेत बायकोने लगेच कुंड्या ठेवल्या. चर बुजवला नाही. त्याला मिस्त्रीने उतार काढून दिला आणि तो आता गच्चीचं पाणी बाहेर नेतो.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. गेल्या ऑगस्टात नळी लावून बघितलं, सगळ्यांत मोठा फरक एका सूताचा.

आता मी वर्षाचं गणित बदललं आहे. गाडीचा मोसम दिवाळीनंतर सुरू, होळीला बंद. वेळ सकाळी साडेसहा. चिमूटभर चुरी, ओला दुपट्टा, सांध्यांचे पाच मिलिमीटर, सगळं आपलं आपलं बसलं आहे. पुस्तिका कपाटात आहे. तिच्या पहिल्याच पानावर लिहिलं आहे की उन्हाळ्याची दुपार ही बागेतली गाडी चालवण्याची सर्वोत्तम वेळ. मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे, पाहुण्यांना दाखवायला.

गेल्या जानेवारीत नात राहायला होती. पहाटे पारा नऊवर होता. तिला शालीत गुंडाळून मागे आणलं. ब्युटेन थंडीने अवघडलेलं, टाकी कोमट पाण्याच्या वाटीत ठेवावी लागली. दहा मिनिटं लागली वाफ व्हायला. धुराड्यावर फडकं धरून इंजिन पुढेमागे केलं, फडकं काढलं, चावी पाव फेरा उघडली.

पांढरा शुभ्र लोट निघाला. डब्यांवरून मागे वळला, लिंबाच्या पानांत अडकला, तिथेच लोंबत राहिला तोवर दुसरा फेरा आला. इंजिन दिसेना, नुसता आवाज आणि पांढरं. इतवारीच्या फलाटावरही हिवाळ्यात सकाळी असंच असायचं, आधी आवाज यायचा. मी वळून नातीकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघायला.

ती गाडीकडे बघतच नव्हती. मान वर करून, गाल फुगवून, तोंडातून हवा सोडत होती. तिच्याही तोंडातून पांढरा लोट निघत होता.

"आबा, बघा! माझ्यातून पण!"

मग ती रुळाच्या बाजूने चालायला लागली, इंजिनाच्या जोडीने, छक्-छक् म्हणत, दर चार पावलांना एक लोट सोडत. एकोणिसाव्या मिनिटाला गॅस संपला, इंजिन पेरूपाशी हळू होत थांबलं. ती थांबली नाही, तशीच पुढे गेली, वळण घेऊन, कपड्यांच्या तारांखालून.